तुर्कस्तानातले शेजारी, पाठीमागे ओतलेलं पाणी आणि कधीच रिकामी न येणारी वाटी

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. कधीपासून लिहायचं म्हणत होते, आज शेवटी बसलेय. मी मूळची सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली सहा वर्षं इझमीरला राहतेय. गेल्या महिन्यात पंधरा दिवसांसाठी भारतात यायला निघालो, टॅक्सीत बॅगा चढल्या, लेकाला मागे बसवलं आणि टॅक्सी हलतेय तोवर खालच्या मजल्यावरच्या तेयझे (म्हणजे मावशी, तिथे वयाने मोठ्या कुठल्याही बाईला हेच म्हणतात) भांडंभर पाणी घेऊन गेटपर्यंत आल्या आणि आमच्यामागे रस्त्यावर ओतलं. "सु गिबी गित, सु गिबी गेल." पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये. वाटेत कुठे अडू नकोस, वाहत जा आणि तसाच वाहत घरी ये, असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की त्या रस्ता धुतायत. आता कळतं, तरी दरवेळी घशाशी काहीतरी येतं. माझी आजी मी निघाले की हातावर दही ठेवायची आणि "जाते" म्हटलं तर रागवायची, "येते म्हण" म्हणायची. तेच आहे ना हे.

तुर्कस्तान म्हटलं की आपल्याकडे लोकांना गरम हवेचे फुगे, सिरियल आणि इस्तंबूलच्या मशिदी एवढंच आठवतं. ते सगळं छान आहेच. पण मला तिथे खरं अडकवून ठेवलं ते शेजारपाजारच्या या लहान लहान रीतींनी. तिथे प्रत्येक प्रसंगाला म्हणायचं एक वाक्य ठरलेलं आहे आणि ते म्हटलं नाही तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. कोणी काम करताना दिसला, मग तो रस्ता झाडणारा असो, दुकानदार असो की अभ्यास करणारं पोर, जाताजाता म्हणायचं "कोलाय गेल्सिन", तुझं काम सोपं जावो. जेवण वाढणाऱ्याला "एलिने साऽलक", तुझ्या हातांना आरोग्य लाभो. आजारी माणसाला "गेचमिश ओलसुन", हे सरून जावो. आंघोळ करून आलेल्याला किंवा न्हाव्याकडून केस कापून आलेल्याला सुद्धा एक वेगळं वाक्य आहे! माझा लेक पहिल्यांदा केस कापून आला तेव्हा बिल्डिंगमधल्या चार जणांनी त्याला "सिहात्लेर ओलसुन" म्हटलं आणि तो दिवसभर आरशात बघत होता.

आणि वाटी. शेजारणीने काही पाठवलं तर तिचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्यासारखंच, पण तिथे अजून ते शहरात बहुमजली इमारतीतही टिकून आहे. मोहरमच्या दहाव्या दिवशी आणि पुढेही काही दिवस घरोघर आशुरे करतात. गहू, हरभरे, पांढरा घेवडा, मनुका, जर्दाळू, अंजीर असं सगळं शिजवून केलेली गोड खीर, वरून अक्रोड आणि डाळिंबाचे दाणे. गोष्ट अशी सांगतात की नूह पैगंबरांची नौका जमिनीला लागली तेव्हा कोठारात जे जे उरलं होतं ते सगळं एका हंड्यात घालून शिजवलं. मोठ्या पातेल्यात करतात, कारण ती स्वतःसाठी करायचीच नसते, वाटायची असते. पहिल्या वर्षी माझ्याकडे सात वाट्या आल्या. चव घेतली आणि मला आमच्याकडची गव्हाची खीर, हुग्गी आठवली, वेलदोडा तेवढा नव्हता. त्या सात वाट्या मी नारळाच्या वड्या भरून परत केल्या आणि तिथून माझी त्या बिल्डिंगमध्ये खरी ओळख झाली.

कोणी तिकडे राहिलंय का, जाऊन आलंय का? लिहा प्लीज. प्रश्नही विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन.

दर्यावर्दी
मस्त धागा ताई. मी मर्चंट नेव्हीत होतो, इस्तंबूलजवळ तुझला म्हणून भाग आहे, तिथे जहाजं दुरुस्तीला लागतात. आमचं जहाज दीड महिना गोदीत होतं. तिथले वेल्डर, फिटर सगळे येताजाता "कोलाय गेल्सिन" म्हणायचे, आम्हाला वाटायचं की ही हॅलो म्हणायची पद्धत असावी, अर्थ आज कळला तुमच्यामुळे.

मला आठवतो तो चहा. आपण चहाबाज समजतो स्वतःला पण माणशी चहा पिण्यात ते जगात सगळ्यांत पुढे आहेत. कंबरेत बारीक असलेला काचेचा छोटा ग्लास, दूध नाही, दोन मजली किटली, खालच्या भांड्यात नुसतं उकळतं पाणी आणि वरच्यात कडक चहा वाफेवर मुरत ठेवलेला. ग्लासात आधी वरचा ओतायचा मग खालचं पाणी, ज्याला जेवढा कडक हवा तसा. रंग चांगला लाल उतरला की म्हणतात "तावशान कानी", सशाचं रक्त. पुरे झाला की चमचा ग्लासवर आडवा ठेवायचा, नाहीतर ते भरतच राहतात.

आणि गंमत म्हणजे हे सगळं फार जुनं नाहीये. जुना मान कॉफीचा. येमेन हातातून गेलं, कॉफी बाहेरून आणायला महाग पडायला लागली, मग नव्या प्रजासत्ताकाने काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहा लावायचं ठरवलं. १९२४ साली त्यासाठी कायदा झाला, झिहनी देरिन नावाचे शेतीखात्यातले अधिकारी त्यामागे लागले होते, जॉर्जियातून बी आणलं, १९३८ साली पहिला चहा हाती आला आणि १९४७ मध्ये रिझेला पहिला कारखाना निघाला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या हयातीतली गोष्ट. आणि आज चहाशिवाय तिथे सौदा होत नाही, भांडण मिटत नाही, काहीच होत नाही.

कृष्णाकाठ
@दर्यावर्दी, किती छान लिहिलंत! कॉफीचा मान मात्र अजून तसाच आहे हं. सकाळच्या न्याहारीला म्हणतातच "काहवाल्ती", म्हणजे कॉफीच्या आधीचं, रिकाम्या पोटी कॉफी नको म्हणून पोटाला आधार. आणि म्हण आहे की एका कप कॉफीची आठवण चाळीस वर्षं राहते. म्हणजे कोणी एकदा कॉफी पाजली की त्याचे उपकार चाळीस वर्षं विसरायचे नाहीत.

मुलगी बघायला येतात तेव्हाही कॉफीच. मुलाकडचे फुलं आणि चॉकलेट घेऊन येतात, मुलगी सगळ्यांना कॉफी करून आणते आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते. त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची. मग मुलाकडचे मोठे माणूस अल्लाच्या आज्ञेने आणि पैगंबरांच्या वचनाने तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो असं म्हणतात. हे सगळं बहुतेक आधीच ठरलेलं असतं, दोघांनी एकमेकांना स्वतःच पसंत केलेलं असतं, तरी मागणं घालायचं ते या पद्धतीनेच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचं ठरलं तेव्हा मी तिथे होते, मुलाने अख्खा कप संपवला आणि मुलीचे वडील डोळे पुसत होते.

ठाणेकर_आई
ताई, तिकडच्या लहान मुलांच्या गोष्टी सांगाल का? माझ्या लेकीला झोपताना रोज नवीन गोष्ट लागते, माझा साठा संपलाय.

कृष्णाकाठ
@ठाणेकर_आई, अहो यावर तर मी तासभर बोलेन. आपल्या गोष्टी जशा "आटपाट नगर होतं" ने सुरू होतात तशा त्यांच्या सुरू होतात "बिर वारमश, बिर योकमुश", एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे. हे "म्हणे" मी माझ्या पदरचं घातलेलं नाही, तुर्की क्रियापदाला "मिश" असा प्रत्यय लागला की अर्थ होतो की हे मी स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलंय. मराठीत जे आपण "तो आला होता म्हणे" म्हणतो ते तिथे व्याकरणातच बसवलंय. त्यामुळे अख्खी गोष्ट "म्हणे"मध्ये चालते. आणि सुरुवातीला मुलांना हसवायला एक लांबलचक यमकांची माळ असते: उंट दवंडी पिटत होते तेव्हा, पिसवा न्हावी होत्या तेव्हा, मी माझ्या आईचा पाळणा हलवत होतो तेव्हा... माझा लेक त्या आईच्या पाळण्यापाशी आला की दरवेळी थांबवतो, "असं कसं असेल?" म्हणून. शेवटी आकाशातून तीन सफरचंदं पडतात, एक सांगणाऱ्याला, एक ऐकणाऱ्याला, तिसऱ्याचं प्रत्येक घरी वेगवेगळं सांगतात.

केलोलान म्हणून एक टकल्या मुलगा आहे, गरीब विधवेचा पोरगा, सगळे त्याला बावळट समजतात पण तो राक्षसांना, राजांना सगळ्यांना पुरून उरतो. शाहमेरानची गोष्ट थोड्या मोठ्या मुलांना सांगा. अर्धी बाई अर्धी नागीण, जमिनीखालच्या सापांची राणी, एका माणसाला ती आसरा देते आणि तोच पुढे तिचा ठावठिकाणा सांगतो. तार्सुसमध्ये तिच्या नावाचा हमाम दाखवतात, मार्दिनला तिची चित्रं काचेवर आणि तांब्यावर काढून घरात लावतात. मला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त लागतं ते हे की तिला आधीच माहीत असतं की हा मला धोका देणार, तरी ती त्याला घरी जाऊ देते.

आणि नसरुद्दीन, आपल्याकडे मुल्ला म्हणतात, तिथे होजा, म्हणजे शिकवणारा. आक्शेहिरला त्याची कबर आहे, चारी बाजूंनी उघडी, फक्त खांब, आणि दाराला मात्र मोठं कुलूप! आम्ही मुद्दाम जाऊन पाहिलं. तळ्याची गोष्ट त्याच गावची. होजा तळ्याच्या काठी बसून पाण्यात दह्याचं विरजण टाकतोय, लोक म्हणतात अहो तळ्याचं कधी दही लागतं का, तो म्हणतो "या तुतारसा?" लागलं तर? आता बघा, आपण दही "लागलं" म्हणतो, तुर्कीतही दही लागण्याला असंच खास क्रियापद आहे, त्यामुळे ही गोष्ट मराठीत जशी बसते तशी इंग्रजीत बसतच नाही. आजही कोणी अशक्य वाटणारं काम हाती घेतलं की बाकीचे म्हणतात "या तुतारसा". आमच्या तेयझेंच्या नातवाने तीनदा नापास होऊन चौथ्यांदा परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हा त्या हेच म्हणाल्या.

ठाणेकर_आई
तळ्याची गोष्ट काल सांगितली. लेक म्हणाली आपण तलावपाळीला जाऊन टाकूया का विरजण. खूप खूप धन्यवाद!

शब्दवेडा
धागा वाचतोय, फार आवडला. मी हौसेने तुर्की शिकतोय म्हणून थोडी भर. दुनिया, किताब, साबण, दुकान, मैदान, पडदा, हिशेब, खबर, जवाब, शामदान, गुलाब, हलवा हे सगळे शब्द थोड्या फरकाने तुर्कीत आहेत. पण ते तुर्कीतून मराठीत आले असं समजू नये, बहुतेक मूळचे अरबी-फारसी, तिकडे उस्मानी दरबारातून गेले आणि इकडे दख्खनच्या सुलतानांच्या फारसी कारभारातून आले. खरा तुर्की शब्द म्हणजे तोफ. आणि त्याचा आपल्याशी थेट संबंधही आहे, विजापूरची मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली गेली, ती ओतणारा महंमद बिन हसन रूमी, म्हणजे रूमचा, उस्मानी मुलखातला. दख्खनेत तेव्हा तोफा ओतायला तिकडचे कारागीर बोलवत.

काही शब्द वाटेत अर्थ बदलून बसलेत ते आणखी मजेदार. मिसाफिर म्हणजे तिथे पाहुणा, आपला मुसाफिर अजून रस्त्यातच आहे आणि त्यांचा घरात येऊन बसला. फिकिर म्हणजे कल्पना, विचार, काळजी नाही. तमाम म्हणजे ठीक आहे. पाझार म्हणजे बाजार आणि रविवार सुद्धा. दोस्त मात्र दोन्हीकडे दोस्तच. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे भूकंप झाला तेव्हा भारताने पाठवलेल्या मदतीला ऑपरेशन दोस्त नाव दिलं होतं, ते तिथल्या लोकांना समजावून सांगायची गरजच पडली नसणार.

कृष्णाकाठ
@शब्दवेडा, अगदी! आणि नाती! तुर्की शिकताना आमच्या वर्गातले जर्मन आणि इंग्रज लोक नात्यांच्या धड्याला रडकुंडीला आले होते आणि मी एकटी खुशीत. आत्या हाला, मावशी तेयझे, काका आमजा, मामा दायी, सगळे वेगवेगळे. नणंदेला ग्योरुमजे, मेव्हणीला बालदझ. जाऊबाईंना एल्ती. आणि साडूला सुद्धा शब्द आहे, बाजानाक! दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. मी शिक्षिकेला म्हटलं आमच्याकडे पण आहे हा शब्द, त्या म्हणाल्या मग आमच्या बाजानाकांच्या तक्रारी तुम्हाला समजतील. आणि हो, पावाला म्हणतात "एकमेक". हा शब्द ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या. पाव जमिनीवर पडला तर उचलायचा, ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा आणि कुठेतरी उंचावर, भिंतीच्या कडेवर ठेवायचा, म्हणजे कोणाच्या पायाखाली येणार नाही, पाखरं तरी खातील. आणि बेकऱ्यांमध्ये "आस्कीदा एकमेक" असतं, खुंटीवरचा पाव. मी दोन पावांचे पैसे देते, एक घेते, एक खुंटीवर. ज्याला परवडत नाही तो येऊन विचारतो, खुंटीवर आहे का, आणि घेऊन जातो. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा दिसत नाही.

सरळवाट
सगळं छान छान चाललंय, पण थोडं वेगळं बोलतो. दृष्ट लागू नये म्हणून तिकडे लावतात ते निळे मणी, नवस ही अंधश्रद्धाच आहे, आपल्याकडे असली की आपण विरोध करतो आणि परदेशातली असली की संस्कृती म्हणतो. दुसरं म्हणजे ही जी वाट्यांची देवाणघेवाण आणि पाहुणचार आहे तो सगळा बायकांच्या कष्टांवर उभा आहे. त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

कृष्णाकाठ
@सरळवाट, बरं झालं विचारलंत. पहिल्या मुद्द्याबद्दल, निळ्या मण्याला विरोध तिथेही आहे आणि तो धर्माकडूनच आहे, सरकारी धार्मिक व्यवहार खातं सांगतं की मण्यात शक्ती आहे असं मानणं इस्लामला धरून नाही. तरी तान्ह्या बाळाच्या दुपट्याला, नव्या गाडीला, ऑफिसच्या दाराला तो असतोच. इझमीरजवळ केमालपाशा तालुक्यात नझरक्यॉय नावाचं गावच आहे, तिथे अजून पाइनची लाकडं जाळून भट्टीत काच वितळवतात आणि कारागीर लोखंडी सळईवर एकेक डोळा हाताने घडवतात, निळ्यावर पांढरा, त्यावर फिका निळा, मध्ये काळा ठिपका. आम्ही गेलो तेव्हा भट्टीजवळ दोन मिनिटं उभं राहवेना, ते दिवसभर बसतात. मणी तडकला की म्हणतात त्याने तुझ्यावरचं घेतलं. माझा स्वतःचा विश्वास नाही, पण माझ्या लेकाला ताप आला होता तेव्हा तेयझेंनी त्याच्या शर्टाच्या आत मणी टाचला तो मी काढला नाही. औषध डॉक्टरांचंच दिलं. त्यांना माझ्या मुलाची काळजी वाटत होती आणि ती दाखवायची त्यांची पद्धत ही होती.

दुसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि मला तो मान्य आहे. पाहुणा आला की उठायचं बाईनेच, हे मी पाहिलंय. ईदच्या तीन दिवसांत दारात पाहुणे येतच राहतात, लहान पोरं मोठ्यांचा हात ओठांना आणि कपाळाला लावतात, चॉकलेटं गोळा करतात, आल्या-गेल्याच्या हातावर लिंबाचं कोलोन्या शिंपडायचं, आपल्याकडे लग्नात अत्तर-गुलाबपाणी करतात तसं, आणि या सगळ्यात तेयझे सकाळपासून उभ्या असतात. तरुण मुली आता हे बोलून दाखवतात आणि नवरे आणि मुलगे चहा करायला उठतात असंही दिसायला लागलंय.

पण बायकांनी बायकांसाठी केलेलंही एक आहे, ते सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होणार नाही. "आल्तन ग्युनू", सोन्याचा दिवस. दहा-बारा जणी, महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं, प्रत्येकीने यजमानीणबाईंना एकेक सोन्याचं लहान नाणं द्यायचं, पुढच्या महिन्यात दुसरीकडे. आपली भिशीच की ही! फक्त पैशांऐवजी सोनं, कारण लिराची किंमत घसरत जाते, आज दिलेले पैसे वर्षाने कमी भरतात, नाणं तेवढंच राहतं. पुढे त्या सोन्यातून कोणी वॉशिंग मशीन घेतं, कोणी मुलीच्या कॉलेजची फी भरतं, आणि तो पैसा घरात कोणाला विचारून खर्च करावा लागत नाही. मी तीन वर्षं त्या गटात आहे. माझी पाळी आली तेव्हा साबुदाणा वडे केले होते, अजून मागतात.

सरळवाट
सोन्याच्या भिशीबद्दल माहीत नव्हतं. हे पटलं. लिहीत राहा.

माणदेशी
ताई मी आटपाडी भागातला. आमच्याकडं पाऊस लांबला की पोरं धोंडी काढायची, एका पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, दारोदार फिरायचं, बायाबापड्या त्याच्यावर पाणी ओतायच्या आणि पसाभर धान्य घालायच्या. धोंडी धोंडी पाणी दे. तिकडं पावसासाठी असं काय करतात का? अनातोलियात पण पाऊस कमीच म्हणतात.

कृष्णाकाठ
@माणदेशी दादा, तुमचा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठले अक्षरशः. त्यांच्याकडे हुबेहूब हेच आहे! त्याला म्हणतात "चोमचे गेलिन". गेलिन म्हणजे नवरी किंवा सून, आणि चोमचे म्हणजे लाकडी मोठा डाव, पळी, आपला चमचा शब्द त्याच कुळातला. मुलं त्या लाकडी डावाला चिंध्यांचे कपडे घालून बाहुली करतात, तीच नवरी, तिला घेऊन गाणं म्हणत दारोदार जातात, की नवरीला काय हवं, देवाकडून पाऊस हवा. घरातली बाई वरून बाहुलीवर पाणी ओतते आणि पोरांना बुलगुर म्हणजे गव्हाचा भरडा, तूप, अंडी असं काही देते, मग पोरं ते सगळं एकत्र शिजवून खातात. तेयझे कोन्याकडच्या खेड्यातल्या, त्यांनी लहानपणी हे केलंय. मी त्यांना तुमच्या धोंडीबद्दल आज फोनवर सांगितलं तर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या "पाणी नसलेली पोरं सगळीकडे सारखीच".

अजून एक तुम्हाला आवडेल. आपण जसं मृग लागला, आर्द्रा लागल्या म्हणतो तसं त्यांच्याकडे थंडी संपताना तीन "जेमरे" पडतात. जेमरे म्हणजे निखारा. १९-२० फेब्रुवारीला पहिला हवेत पडतो, आठवड्याने दुसरा पाण्यात, ५-६ मार्चला तिसरा जमिनीत, आणि तसतशी ऊब चढत जाते. टीव्हीवर हवामान सांगणारे सुद्धा सांगतात, जेमरे पडला म्हणून. जुन्या लोकांचं वर्षच दोन भागांचं होतं, ६ मे ते ७ नोव्हेंबर हे हिझिरचे १८६ दिवस, बाकीचे कासमचे १७९ दिवस हिवाळ्याचे. मेंढपाळांचे करार, गड्यांचे पगार त्यावर ठरत. ५ मेच्या रात्री हिदरेल्लेझ. हिझिर आणि इलियास हे दोन अमर संत वर्षातून एकदा त्या रात्री भेटतात आणि जिथे हिझिरचं पाऊल पडेल तिथे हिरवं होतं असं मानतात. गुलाबाच्या झाडाखाली जे हवं ते खड्यांनी मांडतात किंवा कागदावर काढून ठेवतात, घर, गाडी, पाळणा. विस्तवावरून उड्या मारतात. डब्यांची झाकणं, पाकिटं उघडी ठेवतात. सकाळी आमच्याकडे लोक ते कागद समुद्रात सोडायला जातात.

माणदेशी
चमचा नवरी. लई भारी. आमच्या आईला वाचून दाखवलं, ती म्हणती तिकडच्या बायकांना सांग धोंडीला आम्ही भाकरीपण घालायचो.

लालमाती
मी कोल्हापूरचा, त्यामुळं कुस्ती निघाल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. एदिर्नेच्या कर्कपिनार कुस्त्या पाहिल्या का कोणी? अंगाला ऑलिव्हचं तेल, वर चामड्याची कातडी चड्डी, तिला किस्पेत म्हणतात, आणि पैलवानाला पेहलिवान. यूट्यूबवर तासन् तास बघतो मी. तेलानं हात निसटतो म्हणून किस्पेतच्या आत हात घालून पकड घ्यायची, पाठ टेकवून आभाळ दाखवायचं, नाहीतर उचलून तीन पावलं चालायचं की जिंकला. लागोपाठ तीन वर्षं मुख्य पैलवान ठरला की सोन्याचा पट्टा कायमचा त्याचा. आणि तिथं "आगा" असतो, मानाचा यजमान, मेंढ्याच्या लिलावात जो सगळ्यात मोठी बोली लावेल तो त्या वर्षीचा आगा. आखाड्याला म्हणतात एर मेयदानी, मर्दांचं मैदान. आपलं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलं, तिथं हलगी घुमते तशी तिथं दावूल-झुर्ना, म्हणजे ढोल-सनई. एकदा जायचंय मला.

कृष्णाकाठ
@लालमाती, जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला असतात, नक्की जा. मी प्रत्यक्ष पाहिल्या नाहीत, पण शेजारचे आमजा टीव्हीसमोरून हलायचे नाहीत त्या तीन दिवसांत. त्यांच्याबद्दलच लिहायचं राहिलंय माझं, तेयझेंचे यजमान. गेल्या हिवाळ्यात गेले.

मला कळलं तशी मी खाली धावले. घर माणसांनी भरलेलं आणि स्वयंपाकघरात बायका रवा भाजत होत्या. मला पहिल्यांदा कळेना. इर्मिक हेलवासी, म्हणजे आपला शिराच. मी शिरा खाल्लाय तो सत्यनारायणाच्या प्रसादाचा, डोहाळजेवणाचा, आनंदाचा. तिथे माणूस गेलं की शिरा करतात. एकीने थोडा वेळ ढवळायचं, मनात गेलेल्यासाठी प्रार्थना म्हणायची आणि डाव पुढचीच्या हातात द्यायचा. त्याचा वास गेलेल्यापर्यंत पोचतो असं मानतात. माझ्याकडे डाव आला तेव्हा मला त्यांची प्रार्थना येत नव्हती, मी मनात रामरक्षा म्हटली. तेयझे दारात उभ्या राहून बघत होत्या, नंतर म्हणाल्या तू काय म्हटलंस ते मला नको सांगू, तू ढवळलंस ना. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या घरची चूल पेटली नाही, आम्ही मजल्यामजल्यावरून जेवण नेत होतो, वाट्या जात होत्या आणि यावेळी मात्र रिकाम्या परत येत होत्या आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. चाळिसाव्या दिवशी माझी वाटी परत आली, तिच्यात तीन अक्रोड होते.

ठाणेकर_आई
काय लिहू कळत नाहीये ताई. डोळे भरून आले.

दर्यावर्दी
आमच्या घरी पण दहा दिवस शेजारच्यांनीच डबा पोचवला होता आई गेली तेव्हा. पिठलं-भात. ते दिवस आठवले.

शब्दवेडा
ताई, त्या हलव्याची कृती द्याल का? करून बघावासा वाटतोय.

कृष्णाकाठ
देते. दोन वाट्या जाडसर रवा, साधारण १२५ ग्रॅम लोणी, दोन चमचे चिलगोजे, दीड वाटी साखर, दोन वाट्या दूध आणि एक वाटी पाणी. लोणी वितळलं की रवा आणि चिलगोजे एकदमच टाकायचे आणि अगदी मंद आचेवर भाजत राहायचं, आपण शिऱ्याला भाजतो त्याहून बराच जास्त वेळ, अर्धा तास तरी. चिलगोजे तांबूस झाले म्हणजे रवा झाला, तीच खूण. दूध, पाणी, साखर दुसरीकडे गरम करून ओतायचं, सांभाळून, खूप उडतं. आटलं की गॅस बंद करून झाकणाखाली स्वच्छ फडकं घालून पंधरा मिनिटं ठेवायचं, त्याला ते "देमलेनमे" म्हणतात, आपला दमच तो. घरात दोघं-तिघं असाल तर आलटून पालटून ढवळा, एकट्याचा हात भरून येतो.